पुस्तक अडलंय, त्याची गोष्ट

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक! "दसऱ्याला येतंय" असं मीच इथे जाहीर केलं होतं, तेही मुखपृष्ठासकट. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळही खाऊन झाला. ताईचा फोन आला की पहिलं वाक्य "तब्येत कशी आहे?" आणि दुसरं "पुस्तकाचं काय झालं?" भाऊजींनी तर परवा सरळच विचारलं, "विमान अजून धावपट्टीवरच का?" प्रत्येकाला वेगवेगळं कारण सांगून दमलो. म्हणून खरं कारण एकदाच इथे लिहून टाकतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी हौशी वैमानिक आहे. म्हणजे होतो. पुण्यात नोकरीला असताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं आणि २००९ ते २०११ मी बहुतेक शनिवार-रविवार बारामतीच्या धावपट्टीवर काढले. प्रायव्हेट पायलट लायसन्स नावाचा जो कागद मिळतो, त्यावर विमान चालवून पैसे कमावता येत नाहीत, फक्त घालवता येतात. :) त्याला किमान चाळीस तासांचं उड्डाण लागायचं, त्यातले वीस तास एकट्याने. पोटापाण्यासाठी विमान चालवायचं तर दोनशे तास. तिथपर्यंत जायची माझी ऐपत नव्हती आणि वयही नव्हतं. पुढे आईचं आजारपण आलं, पैसे तिकडे लागले आणि उडणं थांबलं. लॉगबुकात एकूण ६३ तास २० मिनिटं जमा आहेत. निवृत्त होऊन बीडला परत आलो तेव्हा ते लॉगबुक ट्रंकेत सापडलं आणि वाटलं, यावर पुस्तक होईल.

बीडच्या माणसाने विमानाचं पुस्तक लिहायचं हा जरा विनोदच आहे. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. परळीला आगगाडी जुनी, पण बीड शहरात ती यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. आमच्याकडे आभाळातून खाली उतरणारं यंत्र म्हणजे निवडणुकीतलं हेलिकॉप्टर. ते आलं की शाळा सुटते, धुरळा उडतो, सभा होते आणि ते निघून जातं. अशा ठिकाणी 'सेसना १५२ आणि मी' या विषयावर १४४ पानं कोण वाचणार? दोन प्रकाशकांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शेवटी स्वतःच छापायचं ठरवलं. प्रती तीनशे. ज्यांनी स्वतःच्या पैशाने पुस्तक काढलंय त्यांना पुढचं सगळं माहीत असेल. दिल्लीहून आयएसबीएन क्रमांक मिळवायचा (तो फुकट मिळतो, हे कळल्यावर बायकोला पहिल्यांदा बरं वाटलं), कागद निवडायचा, मुखपृष्ठावरून घरात भांडायचं आणि सोळा पानांचा एक फर्मा या हिशोबाने पुस्तक नऊ फर्म्यांत बसवायचं.

पहिलं प्रकरण मी दणदणीत लिहिलं होतं. त्यात सगळी मोठी माणसं होती. जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळालेलं, भारतात दिलं गेलेलं पहिलं लायसन्स. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेलं टपाल आणि तोच प्रवास १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुन्हा केला ते. १९८८ मध्ये मायक्रोलाइटमधून लंडनहून भारतात आलेले विजयपत सिंघानिया, ज्यांनी पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. कांदिवलीला गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडणारे कॅप्टन अमोल यादव. मे २०१९ मध्ये छोट्याशा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी मुंबईची आरोही पंडित. आणि या सगळ्यांच्या शेवटी, रांगेत घुसल्यासारखा, मी. त्रेसष्ट तासांचा धनी. आता वाचताना हसू येतं, पण तेव्हा वाटलं होतं की त्यांच्या सावलीत आपलंही विमान जरा मोठं दिसेल.

अक्षरजुळणीला एक पोरगा मिळाला. इथेच बसस्टँडमागच्या एका गाळ्यात बसतो. लग्नपत्रिका, उताऱ्यांचे अर्ज, कॉलेजचे प्रोजेक्ट असं काहीही टाइप करतो. वय बावीस-तेवीस. माझं अर्धं लिखाण हाताने, अर्धं जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा चुराडा झालेला. त्याने ते सगळं न कुरकुरता निस्तरलं. शिवाय तो वाचत वाचत टाइप करायचा, जे फार कमी लोक करतात. एकदा म्हणाला, "सर, विमान स्टॉलला लागतं म्हंजी? चहाच्या?" मग त्याला समजावून सांगितलं की वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर गेलं की पंखांवरून वाहणारी हवा पंख सोडते, पंख विमान पेलेनासे होतात, त्याला स्टॉल म्हणतात. त्यावर त्याने विचार करून सुचवलं, "मग 'पंखातला दम जातो' असं लिहा की." लिहिलं!

तर सप्टेंबरात, शेवटचं प्रूफ तपासायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, एक विचारू का? वरून कोप्या दिसतात का हो?"

मला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "माळेगावकडं, सोमेश्वरकडं उडायचा ना तुमी? माझे आई-वडील जायचे तिकडं तोडीला. मी पण असायचो तिसरीपर्यंत. तुमच्या पुस्तकात नीरा नदी आलीय, कालवा आलाय, उजनीचं पाणी आलंय. ऊस तर पानोपानी आलाय. म्हणून आपलं विचारलं."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग हंगामभर ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणीच तशी होते, 'आमच्या गावातून चाळीस कोयते गेले' अशी. फडाजवळ, नाहीतर कारखान्याजवळ चिपाडं, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची झोपडी उभारतात, तिला कोपी म्हणतात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम तिथेच. माझं गाव धारूर तालुक्यातलं. चौथीत माझ्या शेजारी बसणारा मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसायचा नाही आणि उन्हाळ्यात परत उगवायचा. त्यामुळे हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही १४४ पानांत कोपी हा शब्द एकदाही आला नव्हता.

मी त्याला म्हटलं, "दिसतात. फार वर नसलं की दिसतात. आणि सकाळी धूर दिसतो."

धूर दिसतो, हे म्हणालो आणि जीभ चावली. कारण पुस्तकात धूर होता! सहाव्या प्रकरणात. लहान विमान उतरवताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरवायचं असतं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो आणि कमी जागेत थांबता येतं. धावपट्टीवर वारा दाखवायला ती कापडी सोंड असते. पण धावपट्टीपासून लांब असताना वारा कळणार कसा? धुरावरून. इन्स्ट्रक्टर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. मी लिहिलं होतं, 'उसाच्या रानातून उठणाऱ्या धुराच्या रेषांवरून वाऱ्याची दिशा बिनचूक कळते.' रेषा! त्या रेषेच्या बुडाशी तीन दगड, एक तवा आणि पहाटे चार वाजता उठून भाकरी थापणारी बाई असते. ती कदाचित आमच्या तालुक्यातली असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि लिहितानाही सुचलं नाही.

आणि मग मला जे आठवायचं नव्हतं ते आठवलं.

त्याच प्रकरणात पुढे मी लिहिलं होतं की इंजिन बंद पडलं तर काय करायचं. इन्स्ट्रक्टर उडता उडता अचानक थ्रॉटल मागे ओढतात आणि विचारतात, "आता कुठे उतरशील?" उभा ऊस वरून गालिच्यासारखा मऊ दिसतो, पण तो फसवा. पुरुषाहून उंच पीक, त्यात चाकं अडकली की विमान उलटतं. म्हणून तोडणी झालेलं वावर शोधायचं, आणि सरीच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. माझं वाक्य होतं, 'तोडणी झालेलं मोकळं वावर हा ऊसपट्ट्यातल्या वैमानिकाचा देवच.'

जानेवारी २०११. सकाळी साडेआठच्या सुमारास एकटाच निघालो होतो. सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचं विमान, एकशे दहा अश्वशक्तीचं इंजिन, वेग साधारण चांगल्या हायवेवरच्या गाडीच्या दीडपट. थंडी होती, कालव्याकाठी धुकट दमट हवा. अडीच हजार फुटांवरून दीड हजारावर यायला मी थ्रॉटल कमी केला. त्याआधी कार्ब्युरेटर हीटची खुंटी ओढायची असते. इंधनाची वाफ होताना कार्ब्युरेटरमधली हवा इतकी गार पडते की बाहेर पंधरा-वीस अंश तापमान असलं तरी दमट दिवसात आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या दिवशी खुंटी ओढायला विसरलो.

खाली येऊन थ्रॉटल पुढे केला, तर इंजिन उचलेना. खोकायला लागलं. काटा घसरत होता. तेव्हा कुठे खुंटी ओढली. ओढल्यावर इंजिन आणखीच खोकलं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. तसं होणार हेही पुस्तकात लिहिलेलं असतं, पण त्या क्षणी माणसाला पुस्तक आठवत नाही. मी नाक खाली केलं, वेग धरला आणि धूर शोधला. धूर पूर्वेकडे झुकला होता, म्हणजे वारा पश्चिमेचा. समोर डावीकडे तोडलेलं वावर होतं, सऱ्या बरोबर पूर्व-पश्चिम. देवच पावला! मी विमान तिकडे वळवलं.

सहाशे फुटांच्या आसपास वावराच्या मध्यावर चार-पाच ठिपके दिसले. मग ठिपक्यांना पाय फुटले. पोरं होती. आई-बाप कडेच्या उभ्या उसात तोडत होते आणि पोरं तोडलेल्या भागात पाचटावर खेळत होती. ती पळायला लागली, पण वावराबाहेर नाही, विमानाच्या दिशेने, हात हलवत.

इंजिन त्याच सुमारास सुटलं. घसा मोकळा करावा तसा एकदा आवाज झाला आणि काटा वर चढला. मी वर गेलो. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिटाची गोष्ट. परत येऊन उतरलो. "कसं झालं?" विचारल्यावर "मस्त" म्हणालो. लॉगबुकात लिहिलं, लोकल फ्लाइंग, ५० मिनिटं. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. कुणालाच सांगितलं नाही, घरीही नाही. बायकोने हे पहिल्यांदा वाचलं ते गेल्या दसऱ्याच्या आधी, कागदावर.

पोराला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की अजून एक प्रकरण येणार आहे, छपाई थांबव. पण 'मोकळं वावर' या शब्दांवर त्याने आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "मोकळं कसं, सर? फड तुटला की आमी पोरं तिथंच असायचो. विमान खाली आलं की त्याच्यामागं पळायचो." तो काही त्या पाचांतला होता असं मी म्हणत नाही. कारखाने अनेक, फड हजारो. पण पळायचं ते वाक्य त्याने मी काहीही सांगायच्या आधी म्हटलं.

नवं प्रकरण लिहायला चार महिने लागले. बारा पानं. घरात दोन मतं झाली. बायको म्हणाली, "लिही, पण मीठमसाला लावू नकोस." भाऊजी म्हणाले, "अरे, पुस्तक कौतुकासाठी काढतात, कबुलीजबाबासाठी नाही. काही झालं का? कुणाला खरचटलं का? मग?" त्यांचं म्हणणं मी खूप दिवस घोळवलं. आणखी एक शंकाही होती, जी त्यांनी बोलून दाखवली नाही, पण माझी मलाच होती. पंधरा वर्षांनी चूक कबूल करायची आणि 'केवढा प्रामाणिक माणूस' म्हणून शाबासकी मिळवायची, हाही एक धंदाच की! चूक त्या दिवशी सांगितली असती तर दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला उपयोग झाला असता. आता उपयोग कुणाला?

या घोळात असताना एका मित्राने सेंट-एक्झुपेरीचं पुस्तक वाचायला दिलं. १९३९ मध्ये आलेलं, इंग्रजीत 'विंड, सँड अँड स्टार्स' नावाचं. हा फ्रेंच माणूस टपालाची विमानं चालवायचा. वैमानिकांची पुस्तकं म्हटली की सगळे त्याचंच नाव घेतात, मी मात्र वाचलं नव्हतं. सुरुवातीलाच तो रात्रीच्या उड्डाणात खाली दिसणाऱ्या तुरळक दिव्यांबद्दल लिहितो, की प्रत्येक दिव्यापाशी कुणीतरी जागं आहे. वाळवंट येतं, अपघात येतो, तहान येते. आणि विमानाचं हे पुस्तक संपतं कुठे? आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात! फ्रान्समधली कामं सुटून मायदेशी परत चाललेली पोलिश मजुरांची कुटुंबं दाटीवाटीने झोपली आहेत आणि हा त्यांच्यामधून चालत जातो आणि झोपलेल्या एका लहान मुलाकडे बघत बसतो. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसता बसलो. ते लिहायला त्याच्यासारखी प्रतिभा लागते, ती माझ्याकडे नाही. पण बघायला प्रतिभा लागत नाही. मला सहाशे फुटांवरून पोरांचे हलणारे हात दिसले होते, आणि मी ते पुसून त्या जागी 'मोकळं' असं लिहिलं होतं.

तेव्हा भाऊजींना उत्तर असं की कुणाला खरचटलं नाही, हे खरं. पण माझ्या पुस्तकात मी त्या पोरांना वावरातून काढूनच टाकलं होतं. ते दुरुस्त करणं एवढंच या प्रकरणाचं काम आहे. शाबासकी नको, आणि कुणी दिलीच तर ती पेन्सिलीने खूण करणाऱ्याला द्या. अर्पणपत्रिका बदलून 'समस्त ऊसतोड कामगारांस' असं छापायचंही मनात आलं होतं. ते केलं नाही. एका ओळीत मोकळं होणं फार सोपं आहे. अर्पणपत्रिका पूर्वी ठरली होती तशीच, आईला.

पहिलं प्रकरण मात्र कापलं. टाटा, सिंघानिया, यादव, आरोही या सगळ्यांना दीड पानात बसवलं. त्यांना माझ्या आधाराची गरज नाही. एवढं करूनही बारा पानं जास्तच होतात, म्हणजे दहावा फर्मा, १६० पानं. खर्च वाढला. शेवटी चार पानं कोरी उरत होती, तिथे उडतानाचे माझे फोटो घालायचं ठरवलं होतं. पोरगा म्हणाला, "सर, तिथं शब्दांचे अर्थ टाका. आमच्याकडच्या लोकांना स्टॉल, मॅग्नेटो कळायचं नाही, अन् पुण्याच्या लोकांना फड, कोपी, वाढं, उचल कळायचं नाही." तसंच केलंय. दोन पानं विमानाची, दोन पानं फडाची.

आता तारीख. प्रकाशन समारंभ वगैरे काही नाही. गाळ्यासमोर चार खुर्च्या टाकून चहा प्यायचा, एवढंच. फेब्रुवारीत करू म्हटलं होतं, पण पोराचे आई-वडील अजून तोडीला आहेत. कारखान्याचा पट्टा पडून गाडी परत यायला गुढीपाडवा उलटतो. म्हणून मी पाडव्यानंतरची तारीख धरली आहे. ताई, एवढंच कारण आहे. बाकी तब्येत ठीक आहे.

पुस्तक विकत घ्यायचं आहे. नातेवाइकांना फुकट मिळणार नाही, दहाव्या फर्म्याचे पैसे निघायचेत. :) 'मोकळं वावर' आता तिथे नाहीये. पान ८७. 'तोडलेला फड' असं आहे, आणि पुढचं वाक्य, 'उतरण्याआधी त्यात कोण आहे ते बघावं.'